वर्गाचा ग्रुप गप्प झाला, आता काय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: जर्मनीतल्या एका भाषाशाळेत सहा महिने काढून तुम्ही चार महिन्यांपूर्वी घरी परतलात. वर्गात अकरा जण, आठ देशांतले. निरोपाच्या दिवशी रडारड झाली, ग्रुप काढला, पहिले दोन आठवडे मेसेजचा नुसता पाऊस. आता महिन्यातून एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, बस. माणसं हातची चालली आहेत आणि बी-वन या मधल्या पातळीपर्यंत ओढत आणलेली जर्मनही, असं तुम्हाला वाटतंय.

मी अठरा वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवते. माजी विद्यार्थ्यांच्या मेल, पत्रं, 'मॅडम, अमक्याचा पत्ता आहे का' असल्या चौकश्या, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं. त्यावरून सांगते, चार महिन्यांत ग्रुप थंडावणं हे ठरलेलंच आहे. माया आटलेली नसते. शाळेत असताना बोलायला विषय शोधावा लागत नव्हता. कोण उशिरा आलं, कुणाचं घरमालकिणीशी वाजलं, परीक्षेत ऐकण्याचा भाग किती अवघड होता. रोज चार तास एका खोलीत बसलं की विषय पायाशी येऊन पडतात. ते त्या खोलीबरोबर गेले. अकराही जणांना एकदम रस वाटेल असं आता काही घडत नाही, म्हणून सगळ्यांना चालणारी एकच गोष्ट उरते, वाढदिवस.

तेव्हा ग्रुप जिवंत करायच्या मागे लागू नका. त्याला नोटीस बोर्ड समजा. कुणी लग्न केलं, कुणी गाव बदललं, कुणी त्या बाजूला येतंय, एवढं तिथे कळलं तरी त्याचं काम झालं. संबंध टिकतात ते दोघांत, फार तर तिघांत. माझ्या पाहण्यातल्या ज्या ओळखी दहा-बारा वर्षं चालल्या, त्यांतली एकही अकरा जणांच्या ग्रुपवर वाढलेली नाही.

त्याआधी एक रुक्ष काम उरका, कारण ते राहिलं तर पुढचं सगळं फुकट. शाळेत आल्यावर बहुतेक विद्यार्थी तिथलं सिमकार्ड घेतात आणि त्याच नंबरवर व्हॉट्सॲप चालू करतात. घरी परतल्यावर सिम बंद पडतं, पण व्हॉट्सॲप चालत राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस फोन बदलतो किंवा हरवतो. नव्या फोनवर पडताळणीचा कोड जातो तो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर तर आता हातात नाही. काही काळाने कंपनी तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकते. त्याउपर, सलग १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सॲप साधारणपणे काढूनच टाकतं. मी असे ग्रुप पाहिलेत जिथे यादीत चौदा नावं दिसतात आणि त्यातली सहा मेलेली असतात. सेटिंगमध्ये 'नंबर बदला' अशी सोय आहे. ती वापरलीत की खातं नव्या नंबरवर जातं. तुम्ही आधी करा, मग ग्रुपवर सांगा. इतक्या दिवसांनी ग्रुपवर लिहायला हा एक चांगला, निरुपद्रवी बहाणाही आहे.

दुसरं म्हणजे प्रत्येकाचा कायमचा मेल पत्ता मागून घ्या. कॉलेजचा किंवा ऑफिसचा नको, तो नोकरीबरोबर जातो. आणि कोण दिवसभर कुठलं ॲप उघडं ठेवतं तेही विचारा. जपानी विद्यार्थी लाइनवर असतात, कोरियन काकाओटॉकवर, आणि चीनमध्ये परतलेल्याला तर व्हॉट्सॲप आणि जीमेल दोन्ही सरळ उघडत नाहीत, त्याच्यासाठी वीचॅटच. 'ती उत्तरच देत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या एका मुलाला मी विचारलं, तिला वीचॅटवर लिहिलंस का? तिकडे तिचे तीन मेसेज येऊन पडले होते. याने ते ॲप महिनाभर उघडलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, भाषा. ग्रुप मरायची सुरुवात बहुतेक वेळा त्या दिवशी होते ज्या दिवशी कुणीतरी पहिला इंग्रजी मेसेज टाकतो. घाईत टाकतो, वाईट हेतू नसतो. पण त्या क्षणी वर्गाची पंगत बदलते. ज्यांची इंग्रजी पक्की ते पुढे सरकतात, बाकीचे अंगठा दाखवून गप्प बसतात. मग एकाच मातृभाषेचे दोघे-तिघे आपला वेगळा ग्रुप काढतात आणि संपलं. तुमच्या वर्गात सगळे सारखेच अडखळत होते, हीच तिथली खरी समता होती. ब्राझीलचा वकील आणि कोरियाची नर्स दोघंही 'काल मी गेलो होतो' म्हणताना क्रियापद शोधत थांबायचे. त्या तोडक्यामोडक्या भाषेत माणूस थोडा वेगळाच असतो, सावकाश बोलतो, आडपडदा कमी ठेवतो, शब्द नसल्यामुळे हावभाव करतो. तुमच्या एखाद्या वर्गमैत्रिणीने त्या तुम्हालाच ओळखलं आहे. इंग्रजीत गेलात की दोघांनाही नव्याने ओळख करून घ्यावी लागते, आणि तेवढी उमेद दर वेळी असतेच असं नाही.

म्हणून जर्मन सोडू नका. चुकलं तर चुकू द्या. वर्गातली एक गंमत सांगते. इंग्रजीतल्या 'बिकम'सारखं दिसणारं 'बेकॉमेन' हे जर्मन क्रियापद आहे, पण त्याचा अर्थ 'मिळणे'. 'होणे' हवं असेल तर 'वेर्डेन'. माझ्या एका वर्गात एक मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, 'मला शिक्षक व्हायचंय', आणि प्रत्यक्षात बोलून बसला, 'मला शिक्षक मिळायचाय'. आधी कुणालाच कळलं नाही, मग मी हसले, मग सगळे. पाच वर्षांनी तो खरोखर शाळेत नोकरीला लागला, तेव्हा त्या वर्षानुवर्षं गप्प ग्रुपवर तासाभरात सगळ्यांचे मेसेज: 'मिळाला का एकदाचा?' असले विनोद प्रत्येक वर्गात चार-पाच तरी असतात. आठवतायत तोवर लिहून ठेवा. वर्षभराने 'कसे आहात सगळे?' लिहिण्यापेक्षा त्यातला एक टाकलात तर उत्तरं हमखास येतात.

भाषा विसरण्याबद्दल थोडं शास्त्र सांगते, कारण तुमची घाई योग्य आहे की उगाच हे त्यातून कळेल. हॅरी बाह्रिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांना त्याने तपासलं, काहींना शिकून पन्नास वर्षं होत आली होती. दिसलं असं की शिकणं थांबल्यापासून पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण होते, आणि त्यानंतर जे उरतं ते पुढे पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं. सुरुवातीला जितकं पक्कं शिकलेलं तितकं उरतंही जास्त. म्हणजे तुमची पहिली काही वर्षंच कसोटीची. या काळात आठवड्याला वीस मिनिटं बोललात तर, माझ्या मते, पुढे आयुष्यभराचा खडा पहारा ठेवायची गरज नाही. आणि जातं काय आधी? समजणं नाही जात, बोलणं जातं. बातमी वाचली तर कळते, पण तोंड उघडलं की शब्द जिभेवर अडतो. वाचायला, ऐकायला माणूस एकटा पुरतो. बोलायला दुसरा लागतो, आणि तुमच्याकडे तर असे दहा जण आहेत.

इथे लोक हटकून एक शंका काढतात: आम्ही दोघंही शिकाऊ, आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, एकमेकांच्या चुका नाही का चिकटणार? त्यापेक्षा जर्मन माणूस शोधून टँडेम केलेलं बरं नाही का? टँडेम ही चांगलीच पद्धत आहे. अर्धा वेळ तुमची भाषा, अर्धा वेळ त्याची. १९६३ च्या फ्रान्स-जर्मनी मैत्री करारानंतर दोन्हीकडची तरुण मुलं एकमेकांकडे जायला लागली, त्या शिबिरांतून ती रुजली. जमलं तर तेही करा. पण अनोळखी टँडेम जोडीदार बहुधा तिसऱ्या-चौथ्या भेटीला गळतो, कारण दोघांना बांधणारं मागचं काही नसतं. जुना वर्गमित्र गळत नाही. चुका चिकटण्याची भीती मला तरी वाढवून सांगितलेली वाटते. माझ्याकडे परत आलेले विद्यार्थी जुन्या, स्वतःच्याच चुका घेऊन येतात. मित्राच्या चुका उचललेला अपवादानेच दिसतो.

मात्र नुसतं 'आज काय केलं' यावर बोलत राहिलात तर तेच दोनशे शब्द फिरत राहतील. त्याला उतारा आहे. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारण संस्था रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश वाचून देते, सोबत लिखित मजकूरही असतो. दोघांनी एकच बातमी ऐकायची, आणि प्रत्येकाने ती एका मिनिटात आपल्या शब्दांत सांगायची. फ्रेंचवाल्यांना आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या आहेत, जपानीवाल्यांना एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या. बातमी संपली की गाडी आपोआप घरच्या विषयांवर येते, पण येताना पाच नवे शब्द घेऊन येते.

व्हिडिओ कॉल की व्हॉइस मेसेज? माझं मत स्पष्ट आहे, व्हॉइस मेसेज. कॉल ठरवावा लागतो, ठरवलेला मोडतो, दोनदा मोडला की लाज वाटते, आणि लाजेपायी माणूस तिसऱ्यांदा विचारतच नाही. कित्येक मैत्र्या अशा लाजेने मेलेल्या मी पाहिल्या.

माझ्या दोन विद्यार्थ्यांची जोडी सांगते. तो साओ पावलोचा, ती टोकियोची. दोन्ही घड्याळांत बरोबर बारा तासांचं अंतर, आणि दोन्ही देश आता घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे ते वर्षभर तसंच राहतं. रविवारी रात्री आठला जेवणं उरकून तो बाल्कनीत उभा राहून बोलतो. तेव्हा तिथे सोमवारची सकाळ, आठ वाजलेले, ती स्टेशनकडे चालत निघालेली. तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की उत्तराची सुरुवात समोरच्याच्या मागच्या मेसेजमधलं एक चुकलेलं वाक्य बरोबर करून म्हणण्याने करायची. 'तू चुकलास' असं म्हणायचं नाही, नुसतं ते वाक्य नीट म्हणायचं आणि पुढे जायचं. एकदा तिने मला त्याचा एक मेसेज ऐकवला. मागे कुत्रा भुंकतोय, हा मध्येच थांबून 'डेर... डी... दास...' करत नामाचं लिंग शोधतोय, सापडत नाही म्हटल्यावर सरळ अनेकवचन करून मोकळा होतो, कारण तिथे तिन्ही लिंगांना एकच 'डी' चालतं. ती म्हणाली, ही त्याची वर्गातलीही युक्ती होती. सात वर्षं चाललंय त्यांचं हे. मधले काही आठवडे कोरडे जातात, पण कुणी माफी मागत नाही, हा बहुतेक तिसरा, न बोललेला नियम असावा.

कॉल करायचाच असेल तर, विशेषतः तीन-चार देश असतील तर, वेळ नेहमी शाळेच्या गावच्या घड्याळाने सांगा. 'बर्लिनचे संध्याकाळचे सात' म्हटलं की प्रत्येकजण आपापलं गणित करतो आणि वाद राहत नाही. हे सुचवते त्याला कारण आहे. युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. त्यामुळे वर्षातून दोनदा, मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर, पाठ झालेलं अंतर तासाभराने चुकतं. दक्षिण गोलार्धात जिथे बदलतं तिथे उलटं बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये मोडलेल्या कॉलांच्या मागे बहुधा हेच असतं, रुसवाफुगवा नसतो.

भेटीगाठींचं म्हणाल तर 'पाच वर्षांनी सगळे शाळेत भेटू' हा बेत मी दर वर्षी ऐकते आणि तो तडीस गेलेला फारच क्वचित पाहते. एक कारण व्हिसाचं, ते निरोपाच्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतं. ब्राझील, जपान, कोरियाच्या पासपोर्टवर शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, अल्पकाळासाठी व्हिसाशिवाय येता येतं. भारत, चीन, तुर्कस्तानच्या पासपोर्टवर अपॉइंटमेंट, बँकेची कागदपत्रं आणि मग वाट पाहणं. दोन जणांना नकार आला की बाकीच्यांचा उत्साहही जातो. म्हणून जागा ठरवताना ज्याचा पासपोर्ट सगळ्यात दुबळा त्याच्या सोयीने ठरवा. दुसरं कारण जरा नाजूक आहे. शाळेत परत आलेले विद्यार्थी थोडे हिरमुसतात. त्यांच्या खोलीत दुसरेच अकरा जण बसलेले असतात, आपल्या जागेवरून कुणीतरी 'कोण हे?' असं बघतं, मी पण तासात असते, दहा मिनिटांत निघावं लागतं. जमतात त्या भेटी वाटेवरच्या असतात. कामासाठी कुणी मित्राच्या शहरात गेलं, एक रात्र त्याच्या घरी राहिलं. एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकलेल्यांनी याची रीतसर सोयच करून ठेवली आहे: पास्पोर्ता सेर्वो नावाने १९७४ पासून एकमेकांना घरी उतरवून घेणाऱ्यांची यादी चालते, अट एवढीच की बोलायचं एस्पेरांतोत. तुमच्या अकरा जणांची अशी यादी एका कागदावर मावेल: कोणतं शहर, पाहुण्याला झोपायला जागा आहे का, कोणते महिने बरे.

ज्याचा काहीच पत्ता नाही त्याचं काय? शाळेकडे मागून पत्ता मिळणार नाही. युरोपात मे २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे, विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय आम्ही त्याचा मेल कुणालाही देऊ शकत नाही. यावरून माझ्यावर चिडलेले लोक आहेत. पण तुमचं पत्र आम्ही त्याला पुढे पाठवू शकतो, आणि पाठवतो. वर्गाचा महिना, वर्ष आणि शिक्षकाचं नाव लिहा, म्हणजे शोधायला सोपं जातं.

शिक्षकांना लिहा, जरूर लिहा, पण वर्षातून एकदा आणि नीट. नुसती शुभेच्छांची चित्रं मला शेकड्याने येतात, ती मी उघडतही नाही, खरं सांगते. चार ओळींचं पत्र मात्र ठेवून देते. आणि वर्गात आपण 'डू' (तू) म्हणत होतो, मग आता 'झी' (आपण) म्हणू का, या विचारात पत्र अडवू नका. जे वर्गात होतं तेच पुढे.

एक सावधगिरी. जुन्या वर्गमित्राच्या खात्यावरून अचानक सफाईदार इंग्रजीत 'अडचणीत आहे, पैसे पाठव' असा मेसेज आला तर खातं चोरीला गेलेलं असतं असं धरूनच चाला. जर्मनमध्ये व्हॉइस मेसेज मागा, किंवा वर्गातला एखादा विनोद विचारा. चोराला 'बेकॉमेन'ची गोष्ट माहीत नसते.

आणि सगळे टिकणार नाहीत. अकरांपैकी दोन टिकले तर मी म्हणेन चांगलं झालं. बाकीचे तुटले असंही समजू नका. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०११ मध्ये कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं न बोललेल्या ओळखीच्यांकडे सल्ला मागायला लावलं होतं, आणि त्या जुन्या ओळखी चांगल्याच उपयोगी पडल्या. जुना विश्वास शिल्लक होता आणि मधल्या काळात दोघांकडे नवं काही साठलेलं होतं. ते कामाच्या ओळखींबद्दल होतं, पण मला येणाऱ्या पत्रांतही हेच दिसतं. आठ वर्षांनी लिहिणाऱ्याला उत्तर येतं. अडतं ते लिहिणाऱ्याचं, कारण तो आधी पाच ओळी माफी मागायला बसतो, त्या जर्मनमध्ये जमत नाहीत, आणि मेसेज तसाच राहतो.

तुम्ही प्रश्नात शेजारच्या खुर्चीवरच्या एका मैत्रिणीचा उल्लेख केला आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री जिच्याबरोबर क्रियापदं घोकलीत ती. तिच्यापासून सुरुवात करा. आज रात्री एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, जर्मनमध्ये, आधी लिहून न काढता. माफी नको, 'कशी आहेस'ही नको. त्या रात्री तुम्हा दोघांना शेवटपर्यंत न जमलेलं क्रियापद कोणतं होतं ते विचारा, आणि तुमचं उत्तर चुकीचं सांगा. ती दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही.